ग्लुकोजचं कोटिंग दिल्यावर मॅग्नेटाईट चुंबकाला नीट चिकटत नाही आणि लेसरने तापतही नाही, काय चुकतंय?

काजळी

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र, कॉलेज पश्चिम महाराष्ट्रातलं एक छोटं आहे, नाव नको. प्रोजेक्ट मीच गाईडकडून मागून घेतलाय. कार्बनचं कोटिंग असलेले चुंबकी नॅनोकण बनवायचे, म्हणजे आत मॅग्नेटाईटचा (लोखंडाचा चुंबकी ऑक्साईड) गाभा आणि वरून कार्बनचा पातळ थर, मग त्यांच्यावर ८०८ नॅनोमीटरचा लेसर टाकला की ते तापतात आणि त्या उष्णतेने कॅन्सरच्या पेशी मारता येतात का ते बघायचं, फोटोथर्मल म्हणतात ते. माझी आजी गालाच्या कॅन्सरने गेली, मिश्री लावायची आयुष्यभर, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसत्या मार्कांचा नाहीये.

काय केलं ते सांगते. फेरिक क्लोराईड ५.४ ग्रॅम आणि फेरस सल्फेट २.८ ग्रॅम, म्हणजे मोलमध्ये २ ला १, उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवलं (नायट्रोजनचा सिलिंडर आमच्याकडे नाही), ८० अंशाला ढवळत ढवळत अमोनिया घातला, लगेच काळं झालं, चुंबकाला झकास चिकटलं. इथपर्यंत मी खूष होते. मग पेपरमध्ये असतं तसं त्यातले २०० मिलीग्रॅम घेऊन ०.१ मोलर नायट्रिक ॲसिडमध्ये १० मिनिटं सॉनिकेट केले (ध्वनिलहरींनी हलवून सुटे केले), धुतले, ८० एमएल अर्ध्या मोलर ग्लुकोजमध्ये टाकले आणि १०० एमएलच्या टेफ्लॉन लायनरच्या ऑटोक्लेव्हमध्ये (घट्ट बंद होणारं भांडं) १८० अंशाला १२ तास ठेवले. सकाळी उघडला (थोडा कोमट होता), वरचं पाणी गडद तपकिरी आणि खाली तपकिरीसर काळा गाळ. सेंट्रिफ्यूज करून, धुऊन, वाळवून तोललं तर निघालं सव्वादोन ग्रॅम! घातलं होतं २०० मिलीग्रॅम. आणि हा माल चुंबकाकडे अगदी आळसावल्यासारखा जातो, बराचसा जातच नाही.

दुसऱ्या एका कॉलेजात लेसर आहे, तिथे जाऊन १ एमएलमध्ये ०.१ मिलीग्रॅम घेऊन १ वॅटवर १० मिनिटं ठेवलं तर तापमान फक्त ६ अंशांनी वाढलं. पेपरमध्ये लोक ३० अंश दाखवतात. सबमिशनला दोन महिने आहेत आणि टेम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कण बघणं) करायचे पैसे एकदाच मिळणार आहेत, ते असल्या सॅम्पलवर घालवू का? कुणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा.

भट्टीवाली

काजळी, मी पीएचडीची साडेचार वर्षं ह्याच कणांवर घालवली, आता जर्मनीत आहे आणि काम वेगळं आहे पण हा तपकिरी गाळ अजून डोळ्यासमोर आहे. तू म्हणते, चालेल ना. टेमचे पैसे आत्ता अजिबात घालवू नकोस, तुझ्या सव्वादोन ग्रॅममध्येच अर्धं उत्तर आहे.

हिशेब कर. ८० एमएल अर्धा मोलर म्हणजे ७.२ ग्रॅम ग्लुकोज. १८० अंशाला १२ तासांत ग्लुकोजमधलं पाणी निघून जातं, आधी एचएमएफ नावाचं संयुग होतं, मग त्याचे रेणू एकमेकांत गुंफत जातात आणि कार्बनी गोळे तयार होतात. हे गोळे लोखंड नसतानाही होतात, नुसतं ग्लुकोजचं पाणी ठेवलंस तरी होतील, २००४ पासून लोक मुद्दाम तसे बनवतात. म्हणजे तुझ्या कणांवर जेवढा थर बसला त्याच्या कितीतरी पट कार्बन स्वतःचे वेगळे गोळे करून बसलाय. गाभे सगळे शाबूत आहेत असं धरलं तरी २०० भागिले २२५० म्हणजे जेमतेम ९ टक्के मॅग्नेटाईट. साध्या मॅग्नेटाईटचं मॅग्नेटायझेशन, म्हणजे चुंबकत्वाचा जोर, ६५ ईएमयू प्रति ग्रॅम धरलं तर ह्या पावडरीचं ६ च्या आसपास येणार, मग ती चुंबकाकडे आळसावूनच जाईल. सेंट्रिफ्यूज केलंस तिथेच घोटाळा झाला, कारण सेंट्रिफ्यूजमध्ये लोखंडवाले आणि बिनलोखंडाचे दोन्ही खाली बसतात. वेगळं करायचं ते चुंबकानेच, बीकरच्या बाजूला निओडायमियमचा चांगला जाड चुंबक लावून ठेव, जे चिकटेल ते तुझं, बाकीचं ओतून दे, पाणी आणि अल्कोहोलने पाच सहा वेळा, वरचं पाणी नितळ होईपर्यंत.

आता दुसरी गोष्ट, ही मला कुणी सांगितली नव्हती आणि माझं एक आख्खं वर्ष गेलं त्यात. ग्लुकोज असं शिजताना फॉर्मिक आणि लेव्ह्युलिनिक ॲसिड सुटतात. ऑटोक्लेव्ह उघडल्यावर वरच्या पाण्याचा पीएच बघितलास का? ३ च्या आसपास निघेल. त्या आंबट पाण्यात १८० अंशाला १२ तास १० नॅनोमीटरचे कण म्हणजे ते विरघळायला लागणारच. वर तू आधी नायट्रिक ॲसिडनेही धुतलेत. ती नायट्रिकची पायरी ज्या पेपरमधून आली तिथले कण बहुतेक शंभर दोनशे नॅनोमीटरचे मोठे असतात, त्यांचा वरचा पापुद्रा गेला तर बिघडत नाही, पण को-प्रेसिपिटेशनचे, म्हणजे तू केलेस तसे अमोनिया घालून पाडलेले, कण एवढुसे असतात, त्यांचा पापुद्रा गेला की उरतं काय?

खात्री करायची तर वरच्या तपकिरी पाण्यात लोखंड आहे का बघ. थायोसायनेटची टेस्ट बीएस्सीला केलीच असशील, फक्त दोन गोष्टी लक्षात ठेव, एक तर पाणी आधी दहापट पातळ कर नाहीतर तपकिरी रंगात लाल दिसणार नाही, आणि ग्लुकोजच्या सोबतीने लोखंड फेरस झालेलं असतं, फेरस थायोसायनेटला रंग देत नाही, म्हणून दोन थेंब पातळ हायड्रोजन पेरॉक्साईड आधी घाल. लाल झालं तर गाभा पाण्यात गेलाय.

आता मी काय करायचे ते. नायट्रिक बंद. त्याऐवजी मॅग्नेटाईट तयार झाल्यावर त्याच भांड्यात ट्रायसोडियम सायट्रेट घालून ८०-९० अंशाला तासभर ढवळायचं, कण सुटेसुटे राहतात आणि नंतर ग्लुकोजचा थर एकेका कणावर बसायला मदत होते, नाहीतर पन्नास कण मिळून एका गोळ्यात अडकतात. ग्लुकोज ०.१ मोलर, त्याहून जास्त नको. वेळ ४ ते ६ तास. आणि चिमूटभर युरिया, तो गरम झाल्यावर हळूहळू अमोनिया सोडतो आणि आंबटपणा आवरला जातो. लायनर ६० एमएलच्या वर भरू नकोस. आणि ऑटोक्लेव्ह कोमट असताना उघडायचा नाही म्हणजे नाही, आतलं प्रेशर बाहेरून कळत नाही, रात्रभर ओव्हनमध्येच गार होऊ दे, हे मी अगदी हात जोडून सांगते.

तुझ्या फेरस सल्फेटचा रंग कसा आहे? ताजं असेल तर फिकट हिरवं दिसतं. कॉलेजच्या बाटल्या वर्षानुवर्षांच्या असतात, वर पिवळट तपकिरी पूड धरलेली असेल तर ते बरंचसं फेरिक झालंय आणि तुझा २ ला १ कागदावरच राहिला. नायट्रोजन नाही म्हणतेस तर फेरस थोडं जास्तच घे.

प्रकाशवर्ष

भट्टीवाली ताईंनी रसायनाचं सांगितलंच आहे, मी भौतिकशास्त्र शिकवतो नाशिकला, त्यामुळे लेसरच्या भागाबद्दल लिहितो. मला ते ६ अंश कमी वाटण्याआधी काही प्रश्न पडले.

पहिला, नुसतं पाणी ठेवून मोजलंय का? ८०८ ला पाणी फार कमी शोषतं पण शून्य नाही, एखाद दीड अंश पाण्याचाच असतो, तो वजा करायला लागतो. (९८० चा लेसर असता तर पाणीच चांगलं तापलं असतं, म्हणून ८०८ बरा.)

दुसरा, थर्मोकपल (तापमान मोजायची तार) कुठे धरला होता? किरणाच्या वाटेत आला तर तो धातूचा तुकडा स्वतःच तापतो आणि आकडा फुगतो. किरणाच्या बाजूला, वरच्या अंगाला धरा आणि मधूनमधून हलकं ढवळा. थर्मल कॅमेरा असेल तर लक्षात ठेवा की तो फक्त पृष्ठभाग बघतो.

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. १ वॅट की १ वॅट प्रति चौरस सेंटीमीटर? तुमचा ठिपका ५ मिलीमीटर व्यासाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ साधारण ०.२ चौरस सेंटीमीटर, म्हणजे १ वॅटचे झाले ५ वॅट प्रति चौरस सेंटीमीटर. ८०८ ला त्वचेसाठी सुरक्षित मर्यादा ०.३३ च्या आसपास धरतात. म्हणजे पंधरा पट. पेपर वाचतानाही हे बघा, पुष्कळ ठिकाणी १ किंवा २ वॅट प्रति चौरस सेंटीमीटर वापरलेलं असतं आणि शेवटी उपचार सुरक्षित म्हणून लिहिलेलं असतं, मला ते पटत नाही.

आणि तो ३० अंशांचा आकडा. १ वॅट म्हणजे सेकंदाला १ ज्यूल, मिनिटाला ६० ज्यूल. १ एमएल पाणी १ अंशाने तापवायला ४.१८ ज्यूल लागतात. म्हणजे लेसरचा प्रत्येक कण न् कण उष्णतेत बदलला आणि बाहेर काहीच गेलं नाही तरी मिनिटाला १४.३ अंशच वाढणार, त्याच्या वर कुणीही जाऊ शकत नाही. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कुठल्याही ग्राफची परीक्षा त्याने होते. आता तुमचं बघा, सॅम्पलचं ८०८ ला ॲब्जॉर्बन्स (प्रकाश शोषण्याचं माप) ०.२ असेल तर शोषलं जातं १ वजा १० चा उणे ०.२ वा घात, म्हणजे ३७ टक्के, बाकीचा ६३ टक्के प्रकाश क्युव्हेटमधून सरळ पलीकडे निघून गेला. कमी तापतंय म्हणजे कण वाईट आहेत असं नाही, कदाचित कमी घेतलेत. यूव्ही-व्हिजिबल ७०० ते ९०० पर्यंत काढा आणि ८०८ चा आकडा इथे टाका. कण मोठे असतील तर त्यातला काही भाग नुसता विखुरला जातो, तोही मशीन ॲब्जॉर्बन्समध्येच धरतं, हे ध्यानात असू द्या.

एफिशियन्सी, म्हणजे शोषलेल्या प्रकाशातला किती उष्णतेत बदलला ते, काढायची तर लेसर बंद केल्यावर गार होतानाचं तापमान नोंदवा, दर १० सेकंदांनी, आणि त्या उतरणीवरून टाईम कॉन्स्टंट (गार होण्याचा वेग सांगणारा आकडा) काढा, २००७ ची रोपर यांची पद्धत म्हणतात ती. तापतानाच्या आलेखापेक्षा गार होतानाचा आलेख जास्त खरं बोलतो.

गॉगल घालता ना? ८०८ डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही आणि १ वॅट म्हणजे क्लास ४ आहे. त्याच वेव्हलेंथचा गॉगल हवा, साधा काळा चष्मा चालत नाही. अंगठी, घड्याळ काढून ठेवा.

सह्याद्रीकडचा

मी ह्या क्षेत्रातला नाही, आयटीवाला आहे पण सगळं वाचलं आणि एक बेसिक शंका आली. तापवायचं काम कार्बन करतोय तर मग आत चुंबक पाहिजेच कशाला? नुसता कार्बन घ्या ना.

भट्टीवाली

सह्याद्रीकडचा, चांगला प्रश्न आहे आणि काजळीला व्हायव्हात हाच विचारणार. मॅग्नेटाईट स्वतःही थोडंफार शोषतं, म्हणून तर ते काळं दिसतं, कार्बनमुळे ते वाढतं आणि शिवाय गाभा ॲसिडपासून आणि हवेपासून वाचतो. गाभ्याचे फायदे तीन. एमआरआयमध्ये कण जिथे साचलेत ती जागा काळी दिसते, म्हणजे लेसर कुठे टाकायचा ते कळतं. बाहेरून चुंबक धरून कण एका जागी ओढता येतात, पण हे मी जपून सांगते, चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो, त्यामुळे हे वरवरच्या गाठींपुरतंच, पोटात खोल असलेल्या गाठीला बाहेरच्या चुंबकाने कण ओढून न्यायचं स्वप्न मीही पाहिलं होतं. आणि तिसरं, लोखंड शरीर वापरून टाकू शकतं. फेरुमॉक्सिटॉल नावाचं औषध आहे, किडनीच्या पेशंटच्या ॲनिमियासाठी अमेरिकेत २००९ मध्ये मंजूर झालं, ते आयर्न ऑक्साईडचे नॅनोकणच आहेत, वर साखरेच्या जातीचं कोटिंग. पण कार्बनचं तसं नाही, तो पचत नाही, लिव्हर आणि प्लीहेत बराच काळ पडून राहतो. म्हणून थर पातळच हवा, आणि म्हणून काजळीचा सव्वादोन ग्रॅमवाला माल मला आवडला नाही.

एक राहिलं. ग्लुकोजचा हा कार्बन खरं तर अर्धाकच्चा असतो, तपकिरी, वर ओएच आणि सीओओएच हे पाण्याशी जमणारे गट भरपूर. त्यामुळे पाण्यात छान पसरतो पण ८०८ ला तितकासा शोषत नाही. नायट्रोजन किंवा आर्गॉनमध्ये ४००-५०० अंशाला दोन तास भाजला की काळाकुट्ट होतो, शोषण वाढतं. पण मग ते गट जळून जातात आणि कण पाण्यात तळाला बसायला लागतात. आणि ६५०-७०० च्या पुढे गेलीस तर कार्बनच मॅग्नेटाईटमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि आत वेगळंच काहीतरी तयार होतं. मला ह्या दोन टोकांच्या मधली जागा सापडायला फार वेळ लागला. ट्यूब फर्नेस नसेल तर ह्या प्रोजेक्टमध्ये न भाजताच कर, आणि रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिही.

पेट्रीडिश

पेशींचा भाग करणार असाल तर एमटीटीबद्दल (जिवंत पेशी रंगावरून मोजायची टेस्ट) सावध राहा. मी सेल कल्चर बघते आणि असले काळे कण घेऊन येणाऱ्या मुलांचे निम्मे आकडे एमटीटीत फसतात, कारण कण ५७० नॅनोमीटरला स्वतःच शोषतात, त्यामुळे पेशी मेलेल्या असतानाही जिवंत दिसतात, आणि उलट कार्बनवर फॉर्माझान, म्हणजे जिवंत पेशींनी ह्या टेस्टमध्ये तयार केलेला रंग, चिकटून बसतो त्यामुळे जिवंत पेशी मेलेल्या दिसतात, म्हणजे चूक दोन्हीकडून होते आणि कुठल्या बाजूची जास्त हे आधी सांगता येत नाही. पेशींशिवाय नुसते कण अशी एक ओळ प्लेटमध्ये ठेवाच. वाचायच्या आधी प्लेट चुंबकावर ठेवा आणि वरचं द्रावण दुसऱ्या प्लेटमध्ये घ्या, तुमच्याकडे चुंबकी कण आहेत त्याचा हा फायदा घ्या. शिवाय लेसर आहे पण कण नाहीत, कण आहेत पण लेसर नाही, दोन्ही नाही, हे तिन्ही कंट्रोल हवेत. आणि जमलं तर एक चौथा, नुसतं इनक्युबेटरमध्ये ४५ अंशाला तेवढाच वेळ, म्हणजे परिणाम उष्णतेचाच आहे की कणांच्या विषाचा ते कळतं.

आणखी एक, साध्या पाण्यात सुंदर पसरलेले कण मीडियामध्ये (पेशी वाढवायचं द्रावण) टाकल्या टाकल्या गठ्ठे होऊन खाली बसतात. मिठामुळे कणांवरचा चार्ज झाकला जातो. आधी एका टेस्ट ट्यूबमध्ये पीबीएस (शरीरासारखं खारट बफर) घेऊन त्यात कण टाकून रात्रभर ठेवून बघा, एवढं केलं तरी नंतरचा मनस्ताप वाचतो. पेशी पुण्याच्या एनसीसीएस ह्या संशोधन संस्थेच्या पेशींच्या साठ्यातून मागवा, ओळखीच्या लॅबमधून आणलेल्या पेशी नक्की कोणत्या आहेत ते कुणालाच माहीत नसतं बऱ्याचदा.

नांदेडकर

माफ करा, मधेच लिहितोय. तुमची चर्चा शोधता शोधता सापडली. माझ्या वडिलांना जिभेचा कॅन्सर आहे, तिसरी स्टेज सांगितली आहे, ऑपरेशन आणि नंतर शेक घ्यायला सांगितलंय. एका ओळखीच्या माणसाने एका क्लिनिकचा नंबर दिला, ते म्हणतात नॅनो लाईट थेरपी आहे, कापाकापी नाही, चार लाख रुपये आधी भरायचे. वडील ऑपरेशनला घाबरलेत, त्यांना हेच करायचंय. जमीन थोडी आहे ती काढावी लागेल. हे तुम्ही जे बनवताय तेच आहे का? कुणीतरी खरं सांगा.

ओपीडी_नंतर

नांदेडकर दादा, मी कॅन्सरचाच डॉक्टर आहे, त्यामुळे तुम्हाला आधी उत्तर देतो. चार लाख भरू नका. जमीन काढू नका.

इथे काजळी जे बनवतेय ते टेस्ट ट्यूबमधलं काम आहे, त्याच्या पुढे पेशी, मग प्राणी, मग माणसांवरच्या चाचण्या, प्रत्येक पायरीला वर्षं लागतात. कार्बनचं कोटिंग असलेले चुंबकी कण आणि लेसर असा उपचार आज आपल्याकडे कुठल्याही हॉस्पिटलमध्ये रुटीन म्हणून मिळत नाही. कुणी चाचणी चालू आहे म्हणालं तर त्यांना सीटीआरआयचा नोंदणी नंबर विचारा, ती सरकारी वेबसाईट आहे, नंबर टाकला की कुणालाही सगळं वाचता येतं. एथिक्स कमिटीचं पत्र आणि मराठीतला संमतीचा कागद मागा. हे न देता प्रयोगाच्या औषधासाठी लाखो रुपये आधी मागणं हीच धोक्याची खूण समजा. जिभेच्या कॅन्सरला ऑपरेशन आणि नंतर रेडिएशन हा नीट तपासलेला मार्ग आहे, तिसऱ्या स्टेजलाही बरे होणारे पेशंट मी दर आठवड्याला बघतो, पण दोन तीन महिने भलतीकडे गेले तर हीच गाठ हाताबाहेर जाते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आणि रेडिएशन बसतं, तुमच्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला उद्याच भेटा. वडिलांना ऑपरेशनची नेमकी कशाची भीती वाटते ते विचारा, बोलता येणार नाही ह्याची असते बहुतेकांना, ते सर्जनला सरळ विचारा, जिभेचा किती भाग जाणार आणि स्पीच थेरपी कशी देणार. मला मेसेज केलात तरी चालेल.

आता बाकीच्यांसाठी, कारण आशा अगदीच नाही असंही मला म्हणायचं नाही. ह्याच्या जवळपासचे तीन प्रकार माणसांपर्यंत पोचलेत. ह्यूस्टनच्या राईस युनिव्हर्सिटीत सिलिकावर सोन्याचा थर दिलेले कण निघाले, २००३ मध्ये उंदरांवर दाखवलं, त्याची प्रोस्टेटच्या १६ पेशंटवरची सुरुवातीची माहिती २०१९ ला आली, त्यात लेसर बाहेरून टाकला नव्हता, बारीक फायबर आत घालून टाकला होता, कारण हा प्रकाश शरीरात फार तर सेंटीमीटरभर उपयोगी राहतो. जर्मनीत आयर्न ऑक्साईडचे कण मेंदूच्या गाठीत थेट टोचून बदलत्या चुंबकी क्षेत्राने तापवायचे, त्याला २०१० मध्ये युरोपात मान्यता मिळाली, पण त्या पेशंटला नंतर एमआरआयमध्ये तो भाग दिसत नाही, ताईंनी जो फायदा सांगितला त्याचीच ही दुसरी बाजू. आणि जपानमध्ये २०२० ला डोक्यामानेच्या कॅन्सरसाठी अँटीबॉडीला जोडलेला रंग आणि ६९० नॅनोमीटरचा प्रकाश असं औषध मंजूर झालं, ते मात्र उष्णतेवर चालत नाही.

काजळी, तुझ्या आजीचं वाचलं. गालाचा, जिभेचा कॅन्सर आपल्याकडे इतका आहे आणि तोंड ही अशी जागा आहे की जिथे प्रकाश सहज पोचतो, कण थेट टोचताही येतात. रक्तातून दिले तर फार थोडे गाठीपर्यंत जातात, २०१६ च्या एका मोठ्या आढाव्यात मध्यम आकडा ०.७ टक्के निघाला होता, म्हणजे हजार कणांतले सात. म्हणून प्रस्तावनेत 'शरीरातल्या कुठल्याही गाठीवर' असं लिहू नकोस, तोंडाच्या गाठीवर लिही, ते खरंही आहे आणि आपलंही आहे.

नांदेडकर

डॉक्टर साहेब, वडिलांना तुमचा मेसेज वाचून दाखवला. बोलता येणार नाही हीच भीती होती त्यांना, तुम्ही बरोबर ओळखलंत. सोमवारी सर्जनकडे परत जातोय. त्या क्लिनिकला नोंदणी नंबर विचारला तर त्यांनी फोन ठेवला.

काजळी

पाच आठवड्यांनी येतेय, सगळ्यांची माफी मागते, लॅबमधून वेळच मिळाला नाही.

आधी थायोसायनेट. पातळ केलं, पेरॉक्साईडचे दोन थेंब टाकले आणि रक्तासारखं लाल झालं. मी तिथेच स्टुलावर बसले. पीएच निघाला ३.१. आणि फेरस सल्फेटची बाटली उघडून नीट बघितली तर वरची दोन बोटं पिवळी पूड होती, खालचे हिरवे खडे निवडून घेतले. जुना माल चुंबकाने वेगळा केला तर निम्म्याहून जास्त ओतून द्यावा लागला.

नवीन बॅच भट्टीवाली ताईंच्या पद्धतीने. सायट्रेट, ०.१ मोलर ग्लुकोज ६० एमएल, थोडा युरिया, १८० अंश, ५ तास, रात्रभर गार. नंतरचा पीएच ६ च्या वर. २०० मिलीग्रॅम घातलं, चुंबकाने धुऊन २८० मिळालं. मॅग्नेटायझेशन मोजायला सॅम्पल बाहेर पाठवलं होतं, कोटिंगशिवाय ६१ आणि कोटिंगसकट ४४ ईएमयू प्रति ग्रॅम आलं. मी भागून बघितलं, ४४ भागिले ६१ म्हणजे ७२ टक्के, आणि वजनावरून २०० भागिले २८० म्हणजे ७१ टक्के. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येत नाही. टीजीए (तापवत तापवत वजन मोजायची टेस्ट) पण केलं, तिथे आकडा जुळेना, मग गाईडनी लक्षात आणून दिलं की हवेत तापवलं की मॅग्नेटाईट ऑक्सिजन घेऊन हेमटाईट होतं आणि त्याचं वजन साडेतीन टक्क्यांनी वाढतं, ती दुरुस्ती केल्यावर तेही जवळ आलं.

लेसर. प्रकाशवर्ष सर, ८०८ ला ०.२ मिलीग्रॅम प्रति एमएलचं ॲब्जॉर्बन्स ०.४ आलं, म्हणजे ६० टक्के शोषलं जातंय. १ वॅट, १ एमएल, १० मिनिटांत २७.० वरून ४२.८. नुसतं पाणी १.४ ने वाढलं, म्हणजे निव्वळ १४.४. ठिपका मोजला, ६ मिलीमीटर, तुमचं ऐकून रिपोर्टमध्ये वॅट प्रति चौरस सेंटीमीटरचा खरा आकडा लिहिलाय, साडेतीन येतो, आणि त्वचेच्या मर्यादेपेक्षा दहापट जास्त आहे हेही त्याच ओळीत लिहिलंय. गाईड म्हणाले एवढं कशाला लिहितेस, मी म्हटलं राहू दे सर.

आता अडलंय ते पेट्रीडिश मॅडमच्या टेस्टवर. पाण्यात तीन दिवस एक कण खाली बसला नाही, पीबीएसमध्ये टाकले तर चाळीस मिनिटांत सगळे तळाला. पीईजी (कण सुटे ठेवणारं पॉलिमर) लावायचं तर ते जोडायला लागणारं ईडीसी महाग आहे, कॉलेज मागवून देणार नाही. प्लुरॉनिक (हेही पॉलिमरच) किंवा बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) नुसतं मिसळून चालेल का, आणि किती घेऊ?

पेट्रीडिश

बीएसए करून बघा आधी, प्रत्येक लॅबमध्ये असतंच. १० मिलीग्रॅम प्रति एमएल बीएसए साध्या पाण्यात, मिठाशिवाय, त्यात कण थेंबथेंब टाकायचे, उलटं नाही, आणि टाकताना सॉनिकेट चालू. मग दोन तास हळू हलवत ठेवा, चुंबकाने एकदाच धुवा आणि मगच पीबीएसमध्ये घ्या. सॉनिकेटरमध्ये बर्फ घाला नाहीतर प्रोटीन खराब होईल. पीबीएसमध्ये २४ तास टिकले की इथे लिहा, मग पेशींचं बघू.